बायजीचा अर्ज

१५ जानेवारी

वकीलबाई म्हणाल्या, "त्याचा फोन कधी येतो, काय बोलतो, तारखेनिशी लिहून ठेवत जा." म्हणून ही वही घेतली. आता घरी येऊन उघडली तर लक्षात आलं, सुरजचा फोन दोन-दोन महिन्यांनी येतो. तेवढ्यासाठी अख्खी वही कशाला? मधली पानं माझी.

सुरज कुवेतला एका हॉस्पिटलात इलेक्ट्रिशियन आहे. तिकडे गेला त्याला नऊ वर्षं झाली. आधी दर दिवाळीला यायचा, मग वर्षाआड, मग नाही. दोन वर्षं झाली, पैसेही येत नाहीत. मी इथं पाड्यावर त्याच्या आईपाशी, बायजीपाशी राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. आमचं दोघींचं कसंबसं भागतं, पण बायजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय आणि परवा तिने चुलीत लाकूड सारताना हातही सारला. तेव्हा मात्र मी डहाणूला जायचं ठरवलं.

कोर्टात गरिबांना फुकट सल्ला मिळतो. तिथल्या वकीलबाई, निलम नाव, चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, "लग्न कधी झालं?"

मी म्हटलं, "अजून झालं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्यात आधी राहायला येतात. घर धरतात. लगीन मागून, हातात पैसा आला की. कुणाचं दोन वर्षांनी, कुणाचं वीस. आमच्या शेजारच्या चिमीचं लगीन तिच्या मुलाच्याच मांडवात झालं, आधी आईबाप बोहल्यावर, मग मुलगा-सून. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. माझं लगीन ठरलं होतं त्या वर्षी सुक्यामामा, म्हणजे माझे सासरे, गेले. पुढच्या वर्षी सुरज कुवेतला गेला.

बाई म्हणाल्या, "इथल्या कोर्टापुढे साक्षीदार उभे करू, एकत्र राहिलात हे दाखवू. इथं ते समजून घेतील. पण पोटगीचा हुकूम पुढे दिल्लीमार्गे परदेशात जायचा. तिकडचा माणूस पहिल्यांदा लग्नाचा दाखला मागणार. त्याला चिमीचा मांडव कसा समजवायचा?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, "त्याची आई आहे ना? आईला लग्नाचा दाखला लागत नाही."

गंमत अशी की बायजी धवलेरी होती. आमच्याकडे लगीन भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाणी म्हणून. या भागातल्या कितीतरी घरांची लगनं बायजीने गाऊन लावली. मामा गेले आणि तिने गाणं सोडलं. सोडलं म्हणजे सोडलंच, दळतानाही गुणगुणत नाही. तिच्या हातून एकच लगीन राहिलं, तिच्या घरातलं.

१९ जानेवारी

बायजीला सांगितलं. ती वाल सोलत बसली होती. डोळ्यांनी दिसत नाही तरी बोटं चुकत नाहीत.

"पोटच्या पोरावर केस करू?"

"केस नाही आये, अर्ज."

"फरक काय?"

"केसला वकील लागतो. याला वकील लागत नाही. प्रांतसाहेबांच्या ऑफिसात द्यायचा. मुलगा परदेशात असला तरी चालतो."

"म्हणजे स्वस्तातली केस."

ती आणखी दोन शेंगा सोलेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "जाऊ. डोळे आले तर तुझं काम हलकं होईल."

मला वाटलं होतं रडेल, नाही म्हणेल. मीच रात्रभर वाक्यं जुळवून ठेवली होती, ती वायाच गेली.

३ फेब्रुवारी

डहाणूला जाऊन अर्ज दिला. बायजीने अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली, मी ओरडेपर्यंत.

समेट घडवायला तिथे एक निवृत्त हेडमास्तर नेमलेत. उमेश सर. बोर्डीचे. चष्म्याला दोरी बांधलेली. बायजीला त्यांनी आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली, मग स्वतः बसले. म्हणाले, "आजी, खरं सांगतो. कायदा परदेशातल्या मुलालाही लागू आहे. पण आमच्या आदेशाला पोहता येत नाही. समुद्र आला की तो काठावर बसतो. म्हणून मुलाला बोलावू, समजावू, त्याच्याच तोंडून हो म्हणवून घेऊ. चाळीस वर्षं मी पोरांना समजावण्याचंच काम केलं."

"ती समजली?" बायजीने विचारलं.

"काही," सर म्हणाले.

मग त्यांनी म्हाताऱ्यांना सांभाळायची जबाबदारी कायद्यात कुणाकुणावर आहे ते वाचून दाखवलं. मुलगा, मुलगी, नातू, नात. मी विचारलं, "आणि सून?"

"सून नाही," सर म्हणाले. "सुनेवर कायद्याने काही बंधन नाही." त्यांनी ते चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं.

येताना एसटीत ते डोक्यात घोळत राहिलं. बायको म्हणून मी कागदावर नाही. सून म्हणूनही यादीत नाही. बायजीला वेळेवर औषध न देऊन मी उद्या उठून गेले तर कुणी मला विचारू शकत नाही. बरं वाटायला हवं होतं. बायजी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि तिच्या मांडीवर डहाणूच्या बाजारात घेतलेले सुके बोंबील. पुढच्या सीटवरच्या माणसाने वासाने दोनदा वळून बघितलं.

१६ फेब्रुवारी

मनिष आला होता मोटारसायकलवरून. माझा धाकटा भाऊ. चिकूच्या वाडीत मुकादम आहे तेव्हापासून जरा मोठ्याने बोलतो.

बोर्डीला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी आहे, जूनपासून. राहायची खोली, जेवण, पगार. त्याने माझं नाव सांगून ठेवलंय.

"आयेला सोडून कशी येऊ?"

"ताई, तू इथं कुणाची कोण लागतेस ते सांग मला. नवरा नाही, पोर नाही, लगीन नाही. म्हातारी त्याची आई, त्याने बघावं."

मी म्हटलं, "हळू बोल." मग हेही म्हटलं, कारण ते खरंच मनात आलं होतं, की निर्वाहाचे पैसे सुरू झाले तर चिमीच्या मुलीला आयेजवळ ठेवता येईल. मग मला जाता येईल. समुद्राजवळची खोली. सकाळी उठून फक्त भाजी चिरायची. मी एकेचाळीस वर्षांची आहे आणि मला अजून स्वतःची खोली मिळालेली नाही. पहिल्यांदा आईबापाच्या घरात होते, मग आश्रमशाळेत, मग इथं.

बरं झालं, बायजी त्या वेळी पाण्याला गेली होती. आली ती घरामागून. मनिषला म्हणाली, "जेवून जा." हंडा रिकामाच होता तिचा. नळाला पाणी आलं नसेल.

२७ फेब्रुवारी

आज अर्जाची पहिली तारीख होती. सकाळी बायजीला कणकण. अंगाला हात लावला तर गार, पण ती म्हणाली आतून ताप आहे. गेलो नाही. उमेश सरांना फोन केला, ते म्हणाले, होतं असं, आईचा जीव असतो.

दुपारी अंगणवाडीतून आले तर तिने अख्खं अंगण सारवून ठेवलं होतं. कोपऱ्यात शेण न पोचलेले चट्टे, तिला ते दिसले नसणार. मी म्हटलं, "ताप कुठे गेला?" म्हणाली, "घामातून गेला."

तिला मुलाला खाली बघायला लावायचं नाही. मी समजू शकते. पण मग अंगठा का उठवला?

५ मार्च

तलासरीला दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, राहायचं आहे. माझी मरून बॅग सापडत नाही. तीच, चेनवाली, जिच्यात कपडे भरून मी या घरात आले. माळ्यावर असायची. सगळं घर उलथं केलं. चिमीला विचारलं, ती म्हणाली, "माझ्याकडे तुझी बॅग? मला कोण नेतंय कुठे!"

बायजी चुलीपाशी बसून होती.

"आये, तू बघितलीस?"

"मला दिसतं का काय."

"उंदरांनी नेली म्हणायची मग."

"जुन्या वस्तू जातात," ती म्हणाली.

शेवटी गोणपाटाच्या पिशवीत कपडे भरून गेले. बाकीच्या बायकांनी विचारलं, तांदूळ आणलेस का.

२० मार्च

रागाच्या भरात लिहितेय. आज दुसरी तारीख. मी अंघोळ करून, तिचं लुगडं काढून ठेवून तयार, आणि बायजी नाही. मोहाची फुलं वेचायला उजाडायच्या आधीच गेली. हाताने चाचपडत फुलं वेचते. गाडी निघून गेल्यावर टोपली भरून आली.

मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. एक लिहिते, कारण ते मला टोचतंय. मी म्हटलं, "तुला तुझा पोरगा प्यारा, मग राहा त्याच्या नावाने बसून. मी कुणासाठी खेटे घालतेय?"

जेवताना माझ्या ताटात बोंबलाचा मोठा तुकडा आला. माझ्या ताटात नेहमीच मोठा येतो, आज दोन आले. मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या ताटात नुसती भाकरी आणि कांदा.

"आये, हे काय?"

"मला कमी लागतं. मी काय खाते, अर्धी भाकरी. माझा खर्च नाही काही."

"मी कधी खर्च काढला तुझा?"

"नाय काढलास."

अर्धा तुकडा मी परत तिच्या ताटात टाकला. तिला वाटलं मला समजणार नाही, तिने तो पुन्हा माझ्या ताटात सरकवला. आंधळ्या माणसाने चोरून काही करू नये. मला हसू आलं आणि राग गेला. पण प्रश्न तसाच आहे. मुलाला वाचवायचं तर सरळ सांगावं.

२८ मार्च

वकीलबाईंसाठी: आज सुरजचा फोन आला. दहा मिनिटं. सकाळी.

त्याला डहाणूचा मेल मिळाला. तिकडे त्याच्या साहेबाने पण वाचला म्हणे. चिडला होता. "आयेला तू भडकवलंस." मी म्हटलं, तिचे डोळे. तो म्हणाला, "तिला उंबरगावला मावशीकडे ठेवतो. मावशीला मी पैसे पाठवीन. तू मोकळी. तुला बांधून ठेवलंय का कुणी?"

मी विचारलं, "तू येणार आहेस का?"

मागे लहान मूल रडत होतं. मी विचारलं कुणाचं, तर म्हणाला शेजारचं. तिकडे भिंती पातळ असतील.

नऊ वर्षांत पहिल्यांदाच दहा मिनिटं बोलला. आवाज जाड झालाय. पूर्वी फोन ठेवताना "जेवून घे" म्हणायचा, आज म्हणाला नाही, घाईत असेल.

बायजीने विचारलं, "काय म्हणाला?"

"तुझी तब्येत विचारत होता."

"खोटं बोलायला शीक थोडं," ती म्हणाली. "उंबरगावचं काय?" फोनचा आवाज तिला कसा ऐकू गेला कोण जाणे. कान फारच तिखट झालेत तिचे. मी म्हटलं, "काही नाही, तो आपलं बोलतो." ती उठून बाहेर गेली आणि शेळीच्या दाव्याशी बराच वेळ काही करत बसली.

१२ एप्रिल

महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो विवळवेढ्याला, मी, बायजी, चिमी. बायजीला गर्दीत नेणं म्हणजे भरलेला हंडा डोक्यावर घेऊन नाचणं. तिला बांगडीवाल्याच्या सावलीत बसवलं. तर एकेक बाई येऊन पाया पडते. "धवलेरी आये, तू माझं लगीन लावलंस." "आये, मला चार पोरं झाली." बायजी हात लावून चेहरे ओळखत होती. एकीला म्हणाली, "तू तीच ना, मांडवात झोपलेलीस?" केवढं हसल्या सगळ्या.

एकीने विचारलं, "ही कोण गं तुझ्यासंगती?"

बायजी जरा थांबली. म्हणाली, "ही कविता."

इतकंच. सून म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? मी कुणाला सांगणार नव्हते, पण वहीत लिहिते, मला लागलं ते.

मग तिने हट्टाने एक कापडी पिशवी घेतली, जाड, दुहेरी शिवणीची. शिवण बोटांनी ओढून ओढून बघितली. गुजराती दुकानदार म्हणाला, "बा, शिवण तुटेल ना!" बायजी म्हणाली, "तुटली तर घेणार नाय." घरात पिशव्या काय कमी आहेत?

परतताना एसटीच्या कंडक्टरला तिने विचारलं, "बोर्डीहून आमच्या फाट्यावरून तलासरीला शेवटची गाडी कधी रे?" तो म्हणाला, "आजी, बोर्डीला काय काम?" म्हणाली, "तुला काय करायचंय? रोज असते का ते सांग." रोज असते म्हणाला.

तिला समुद्र बघायचा असणार. डोळे गेले तर राहून जाईल असं वाटत असेल. तारखेचं काम उरकलं की नेईन एकदा.

२४ एप्रिल

आज ती आली. स्वतःहून लुगडं नेसून दारात उभी होती. "चल. आज उरकून टाकू."

प्रांत ऑफिसच्या मागच्या खोलीत भिंतीवर पडदा, त्यावर सुरज. निळा गणवेश, पोट सुटलंय, केस मागे गेलेत. मी त्याला शेवटचं बघितलं तेव्हापासून किती बदललाय. मीही बदलले असेन. त्याने माझ्याकडे बघितलं का ते कळलं नाही, त्या कॅमेऱ्यात सगळेच जरा खाली बघतात.

उमेश सर म्हणाले, "सुरज, आईला नमस्कार कर आधी." त्याने केला. बायजीला पडदा दिसत नव्हता, ती आवाजाकडे तोंड करून बसली होती.

सरांनी समजावायला सुरुवात केली आणि सुरज मधेच म्हणाला, "सर, मी नाही म्हणत नाही. पण माझं इथं घर आहे. बायको नर्स आहे. लहान मूल आहे. मलाही भागवायचंय."

म्हणजे ते शेजारचं मूल नव्हतं.

मी टेबलाच्या कडेवरचा रंगाचा पोपडा बघत होते. तो नखाने काढला.

बायजीनेच विचारलं, "पोर का पोरगी?"

"पोरगी आहे आये."

"दात आले?"

"चार आले."

"हं," बायजी म्हणाली. मग म्हणाली, "हिरड्यांना मध लाव." आणि माझा हात शोधून आपल्या मांडीवर ओढून घेतला.

सुरज म्हणाला, "आयेला मावशीकडे ठेवा. मावशीला मी दर महिन्याला पाठवीन. कवितालाही तिचं बघता येईल."

सर बायजीकडे वळले. "आजी, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"हिला विचारा."

"हिला कसं विचारू? अर्ज तुमचा. ही तुमची कोण?"

पडद्यातून सुरज म्हणाला, "तशी कुणी नाही, सर. आमचं लगीन झालेलं नाही."

तो ते वाईट मनाने म्हणाला असं मला वाटत नाही. विचारलं म्हणून सांगितलं. बायजीचा हात मात्र घट्ट झाला.

"तू गप रे," ती म्हणाली. "लगीन तुझं राहिलं. माझं नि हिचं काय राहिलं? अख्ख्या तालुक्याची लगनं मी लावली. लगनाला नवरा लागतो, मांडव लागतो. पोरगी व्हायला काय लागतं? मास्तर, ही माझी पोरगी. लिहा."

सरांनी चष्मा वर केला. त्यांचा आवाज एकदम शाळेतल्यासारखा झाला, अवघड गणित समजावताना असतो तसा. "आजी, नीट ऐका. पोरगी लिहिलं की जबाबदारी आली. मुलाइतकीच. उद्या हिने सांभाळलं नाही तर तुम्ही हिच्यावरही अर्ज करू शकाल. आज ही मोकळी आहे. लिहिलं की नाही."

बायजीचा चेहरा उतरला. तिने माझा हात सोडला.

"मग नका लिहू," ती म्हणाली. "खोडा. खोडलंत का? तिला बोर्डीला जायचंय. तिला तिथं खोली आहे."

मी तिच्याकडे बघत राहिले. तो रिकामा हंडा आठवला, आणि मी मनिषला म्हटलेलं, पैसे सुरू झाले की मला जाता येईल. आणि आतून आलेला ताप, आणि मोहाची टोपली. मी तिला म्हटलं होतं, तुला तुझा पोरगा प्यारा.

"सर, खोडू नका," मी म्हटलं.

"बाई, विचार करा. घाई नाही."

"खोडू नका."

सर थोडा वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग म्हणाले, पोटची मुलगी असं खोटं लिहिता येणार नाही, पण समेटात हवं ते कबूल करता येतं. त्यांनी लिहिलं ते मला वाचून दाखवलं: अर्जदार ज्यांना आपली मुलगी मानतात त्या कविता या अर्जदाराला स्वखुशीने आपल्यासोबत ठेवतील. खाली सुरजचं, डोळ्यांचा खर्च आणि दर महिन्याचं. तो पाठवील का, कोण जाणे. सर म्हणाले तसं, कागदाला पोहता येत नाही. पण तो हो म्हणाला, आणि म्हणताना डोळे पुसत होता.

बायजीने अंगठा उठवला. मी त्याच्या शेजारी सही केली. या वेळी शाई तिने माझ्या पदराला पुसली.

२५ एप्रिल

आज मोहाची फुलं वाळत घातली. दुसरं काही लिहायचं नाही.

२९ एप्रिल

चार दिवस मी सुरजबद्दल काही वाटतंय का बघत होते, जसं पडल्यावर हाड दाबून बघतात. दुखतं, पण मोडलेलं नाही. खरं तर मला वाटतं मी त्याच्यासाठी थांबले नव्हतेच. थांबलेय असं सांगायला बरं असायचं. लोक विचारायचे ना, इथं का राहतेस, तर उत्तर तयार.

बायजीला विचारलं, "मनिष आला तेव्हा तू घरामागे होतीस?"

"मी पाण्याला गेलेली."

"हंडा रिकामा होता."

"नळाला पाणी नव्हतं," ती म्हणाली. खोटं बोलायला मला सांगते, आणि स्वतःला येत नाही.

२१ मे

काल डहाणूला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुरजचे पैसे आले होते. आज पट्टी काढल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "केवढी काळी झालीस गं." नर्स हसायला लागली. मग म्हणाली, "केस पण पिकले." मी म्हटलं, "आये, पट्टी परत बांधू का?"

डहाणूहून तशीच बोर्डीला गेले, वसतिगृहाच्या बाईंना भेटायला. सांगितलं, राहता येणार नाही, पण सकाळच्या गाडीने येऊन दोन्ही वेळचा स्वयंपाक करून शेवटच्या गाडीने जाईन. खोली नको, आणि अंगणवाडीचं काम सोडेन. बाईंनी विचारलं, "रोज इतक्या लांबून परवडेल?" मी म्हटलं, गाडी रोज असते. ते मला कुणी सांगितलं ते तेव्हा आठवलं.

बायजी बाहेर बाकावर बसली होती, हिरवा कापडी पडदा डोळ्यावर. समुद्राकडे नेलं तिला. वाळूत उभी राहून म्हणाली, "बरा आहे. आता चल, गाडी चुकेल." म्हणजे कंडक्टरला विचारलं ते समुद्रासाठी नव्हतं तर.

मनिष फोनवर बराच बोलला. शेवटी म्हणाला, "तू नाय सुधरायची." मी म्हटलं, "जेवायला ये."

१६ जून

आज कामाचा पहिला दिवस. लवकर उठले तर चुलीपाशी दिवा होता आणि कुणी तरी गात होतं. अगदी हळू, शब्द नीट नव्हते, नुसती चाल. मी दारातच थांबले. माझी चाहूल लागली तशी थांबली.

"गा ना," मी म्हटलं.

"भाकरी करपेल," ती म्हणाली.

जत्रेतली पिशवी तिने भरून ठेवली होती. भाकरी, कांदा, चटणी, छत्री. मी ती खांद्याला लावताना वर बघितलं. आढ्याला, धुराच्या वाटेवर, माझी मरून बॅग टांगलेली. गच्च फुगलेली, चेन अर्धीच लागलेली. हात वर करून चाचपली. वालाचं बियाणं होतं आत, राखेत घोळवलेलं. दिवाळीनंतर पेरायचं.

बॅग कुठे सापडली, मी विचारलं नाही.

"चांगली चेनवाली बॅग, तिच्यात बी भरलंस?" एवढंच म्हटलं.

"मग? तुला काय करायची ती?" तव्यावरून नजर न काढता बायजी म्हणाली. "बॅग जाणाऱ्याला लागते. रोज येणाऱ्याला पिशवी पुरते."

संध्याकाळची गाडी उशिरा आली. फाट्यावर उतरले तर ती छत्री न घेता उभी होती, एका डोळ्याने गाडीच्या पाटीकडे बघत. कंडक्टरला म्हणाली, "अरे, माझी पोरगी येते या गाडीने. वेळेवर आणत जा."